अप्पांची गूळतुला

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. माझे बहुतेक दोष तिला ठाऊक आहेत, उरलेले ती अंदाजाने ओळखते — हा एक मात्र तिच्या हाती लागला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझी समजूत घालायला येणार नाही.

मी हाडकुळा माणूस. लातूरच्या कॉलेजात मराठी शिकवलं, निवृत्त झालो, आणि गावातल्या सत्कारांचं सूत्रसंचालन आपसूक गळ्यात पडलं. शाल, श्रीफळ, फेटा, ‘आपणा सर्वांचे लाडके’ — या थाटाची मी घरी टिंगल करतो आणि माईकसमोर तेच शब्द चोख उच्चारतो. पण हा तो दोष नव्हे. हा सगळ्यांना दिसतो.

मन्मथअप्पा माझे शेजारी. गंजगोलाईच्या बाजारात भुसाराचं दुकान, ऐसपैस देह, त्याहून ऐसपैस हसणं. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं. एकट्याला लाज वाटते म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. लाज का वाटू नये? मैदानावरच्या बाकड्यांवर बसलेले, स्वतः कधी न चालणारे लोक ओरडायचे, “सरका रे, ट्रक आला!” अप्पा थांबून म्हणायचे, “हाव बाबा, लोड हाय. जरा दमानं घेऊ द्या.” सगळे हसायचे. मीही.

सुरुवातीला ते दर बाकड्याला टेकायचे. मग एक सोडून एक. मग बाकडी नुसतीच मागे पडू लागली. त्यांची लेक नांदेडला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. आधी तीच बाळाला घेऊन खाली यायची आणि अप्पा गाडीत बसूनच नातीला मांडीवर घ्यायचे. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं गेलो, तर अप्पा कठड्याला धरून, न थांबता वर पोचले. मी दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलो होतो — धापा टाकत. वरून आवाज आला, “सर, या की! हडकाला काय वजन व्हतंय का?”

मी हसलो. पण आत काय झालं, सांगू? काहीही न करता निरोगी दिसण्याची मला सवय होती. आमच्या जोडीत धडधाकट कोण, हे ठरलेलं होतं. त्या जिन्यात ते बदललं — आणि मला ते आवडलं नाही.

अप्पांचं वजन मात्र हलेना. डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर स्पष्ट सांगितलं होतं: “काट्याकडे बघू नका. साखर उतरलीय, रक्तदाब उतरलाय. चालणं सोडू नका.” मी घरी जाऊन वाचलंही होतं, मला वाचायची खोड. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, पोटाच्या आतली घातक चरबी कमी होऊ लागते, हृदयाला तेच काम कमी कष्टात जमतं — वरून माणूस तसाच जाड दिसला तरी. मला हे माहीत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

अप्पांची साठी आली. व्यापारी मंडळींनी गूळतुला ठरवली: एका पारड्यात सत्कारमूर्ती, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, नंतर तो गूळ वसतिगृहाला. सूत्रसंचालक अर्थातच मी. अप्पा फेटा बांधून पारड्यात बसले, साखळी घट्ट धरून. ढेपा चढत गेल्या. पारडं जागचं हलेना. आणखी एक ढेप. आणखी एक. आणि मी माईकमध्ये म्हणालो, “अप्पा रोज पहाटे चालतात, पण गुळाला अजून ती बातमी कळलेली दिसत नाही.”

सभागृह हशात बुडालं. चांगला विनोद होता — अजूनही वाटतं, चांगला होता. अप्पाही हसले. पारड्यात बसलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं?

पण हाही तो दोष नव्हे. विनोद मला माफ झाला असता.

त्याच संध्याकाळी अप्पा आमच्या ओसरीवर आले. फेटा काढलेला, कपाळावर त्याचा वळ. बसले. मग म्हणाले, “सर, तुम्ही लई वाचता. खरं सांगा. वजनच उतरंना, तर ह्या चालण्याचा काय उपयोग हाय का?”

डॉक्टरांचा शब्द त्यांना पुरला नव्हता, त्यांना माझा हवा होता. ‘आहे, अप्पा’ एवढंच म्हणायचं होतं. त्या जिन्याची आठवण करून द्यायची होती. मी काय म्हणालो? म्हणालो, “उपयोग असता तर काट्याने सांगितलं असतं की.”

वर थोडा हसलोही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. नंतरही नाहीत. मी बोलवायला गेलो नाही, मला पहाटेची झोप परत मिळाली होती. वर्ष सरता सरता ते चौकापर्यंतही स्कूटरवर जाऊ लागले. नांदेडला गेलो, तर लेक पुन्हा खाली आली.

गेल्या वर्षी त्यांच्या पायाला जखम झाली, चिघळली, आणि एक बोट काढावं लागलं. चालत राहिले असते तर हे टळलंच असतं, असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण या वाक्याच्या आड लपायचा मला हक्क नाही.

दवाखान्यात मी खाटेशेजारी उभा होतो. डॉक्टर तेच, जुने. चिडलेले. “इतकं छान चाललं होतं तुमचं. कुणी सांगितलं सोडायला?”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे. “कुणी न्हाई साहेब. मलाच कंटाळा आला.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “सर, तुम्ही तरी समजवायचं यांना.”

तेव्हा बोलता आलं असतं. तिघंच होतो खोलीत.

मी म्हणालो, “ऐकतच नाहीत हो ते कुणाचं.”

अप्पांनी पाय चादरीखाली ओढून घेतला.