पावणेदोन किलोचा गार्ड

मोटरसायकल धानाच्या काट्यावर उभी होती आणि राइस मिलचा मुनीम हसत होता.

"इंजिनेर साहेब, गाडी पोत्यात भरून इकता का?"

मी वजन लिहून घेतलं : एकशे अठ्ठावन्न किलो. भंडाऱ्याला वर्कशॉप टाकून मला तेव्हा दुसरं वर्ष होतं. आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट. कॉलेजच्या सरांनी निरोप देताना स्वतःची स्लाइड रूल, म्हणजे गणितं करायची सरकपट्टी, मला दिली होती. तिचा उपयोग होईल असं काम पहिल्यांदाच आलं होतं.

गाडी तुळशीरामभाऊंची. राहायला अड्याळ, नोकरी वरठीच्या कारखान्यात, तीही टेम्पररी.

"सात वाजता गेट बंद होते, साहेब. तीन डाव लेट झालो. आता चवथ्यांदा झालो का नाव कटते. गाडी पळतच नाही."

"नवं इंजिन बसवणं तुम्हाला जमणार नाही, भाऊ. ओझं कमी करू."

मी त्यांना पॉवर-टू-वेट रेशो समजावून सांगितला. बैल तोच ठेवायचा, बंडीतली पोती उतरवायची. तुळशीरामभाऊंना ते लगेच पटलं.

"मागे कोणी बसते का?" मी विचारलं.

"डुटीवर एकलाच जातो."

मी लिहिलं : सिंगल सीट. पुढचा विचार तिथेच थांबवला.

क्रॅश गार्ड, कॅरिअर, दोन्ही बाजूंचे डबे, मोठा स्टँड, चेनकव्हर काढलं. मागच्या चाकाशेजारी जाळीसारखा लोखंडी साडी गार्ड होता. मागे एका बाजूला बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून तो असतो. तोही काढला. पावणेदोन किलो भरला. सायलेन्सरमधली काजळी जाळून काढली, कार्बोरेटर साफ केला. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढते ते दातेरी चक्र, दोन दात कमीचं बसवलं. त्यानं वेग वाढतो, उचल कमी होते. पण वजन उतरल्यामुळे उचल जाणवण्याइतकी कमी झाली नाही. काढलेल्या प्रत्येक वस्तूला वजनाची चिठ्ठी बांधून मी ती भिंतीवर टांगली. काटा एकशे एकोणचाळीसवर आला.

दोन महिने तुळशीरामभाऊ एकदाही लेट झाले नाहीत. एकदा वाकडी वाट करून सांगायला आले. "टाइमकीपर सांगून राहिला, पुढच्या महिन्यात परमनंट." मला सरांना पत्र लिहावंसं वाटलं. लिहिलंही.

त्याच आठवड्यात मिलच्या मुनिमानं सांगितलं, अड्याळची एक बाई मोटरसायकलवरून पडली, सरकारी दवाखान्यात आहे. गाडी तीच.

तुळशीरामभाऊ वॉर्डाबाहेर उकिडवे बसले होते. परमनंट होणार म्हणून नवरा-बायको पाणी भरायचा पितळेचा गुंड घ्यायला भंडाऱ्याला निघाले होते. कौसल्याबाईंचा पदर आधी चाकात, मग चेनमध्ये गेला. त्यांना ओढून रस्त्यावर आपटलं. खांदा निखळला होता आणि उजवा हात चेनपर्यंत गेला होता.

मी आत गेलो.

"तुमाले का मालूम होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, मलेबी न्या."

मला मालूम होतं. साडी गार्ड कशासाठी असतो हे मला चांगलं माहीत होतं. माझी आई तशीच बसायची.

बाईंच्या त्या हाताची तीन बोटं पुढे कधी वळलीच नाहीत. रोवणीत डाव्या हातात पेंढी धरतात आणि उजव्या हाताच्या बोटांनी रोप चिखलात खोचतात. कौसल्याबाई त्या वर्षी बांधावर बसून राहिल्या. तुळशीरामभाऊ सव्वा महिना त्यांच्याजवळ दवाखान्यात होते. कारखान्यानं नाव कापलं. मी टाइमकीपरला जाऊन भेटलो.

"लेट चालला असता," तो म्हणाला. "हा तर आलाच नाही."

दिवाळीनंतर तुळशीरामभाऊ गाडी घेऊन आले. भिंतीकडे बघून म्हणाले, "तो गार्ड लावून द्या."

"वहिनी बसणार का आता?"

"ते नाही बसत. गाडी इकून राहिलो. घेणाऱ्याची बायको बसन."

गार्डावर माझ्याच अक्षरातली वजनाची चिठ्ठी होती. ती काढली, चार बोल्ट आवळले. ते काम दहा मिनिटांचं होतं.

तेव्हापासून माझ्या जॉबकार्डावर वजनाच्या आधी एक रकाना आहे : घरातलं कोण कोण बसतं? तो भरल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही.