फलकावरची सभासद

आमच्या पतसंस्थेत तरुण सभासद वाढवायचं ठरलं, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. हिंगोलीच्या शाखेत मी एकटीच बाई, त्यामुळे कॉलेजातल्या मुली माझ्याशी मोकळेपणी बोलतील असं अध्यक्षांना वाटलं. वीस वर्षं काउंटरवर काढलेली मी पुसेगावच्या कॉलेजात टेबल मांडून बसले. फुगे बांधले होते. सभासद होईल त्याला टी-शर्ट होता.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बराच वेळ टेबलापाशी रेंगाळत होती. वडील हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलायचे. ती आईच्या जुन्या पायमशीनवर गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. पिको-फॉलचं मशीन घ्यायचं तिच्या मनात होतं. टी-शर्टकडे तिनं पाहिलंही नाही.

"मॅडम, कर्जाला जामीनदार लागतेत का?" तिनं विचारलं. "आमच्या घरात नोकरीवालं कोणी न्हाई."

नियम मला पाठ होता. पण मागे अध्यक्ष उभे होते आणि टेबलासमोर पोरींची रांग लागली होती. "आधी सभासद तर हो, पुढचं आपण बघू," मी म्हणाले. असं बोल म्हणून मला कोणी शिकवलं नव्हतं.

पासबुक हातात घेऊन हसतानाचा तिचा फोटो काढला. तो फोटो एसटी स्टँडजवळच्या मोठ्या फलकावर लागला. खाली लिहिलं होतं, 'तुमची स्वप्नं, आमची साथ'. तिचे वडील सोबतच्या हमालांना घेऊन तो बघायला आले होते, हे मला नंतर कळलं.

वर्षभर तिनं नेमानं बचत भरली. मग मशीनसाठी अर्ज केला. कर्ज समितीनं दोन जामीनदार मागितले, पगारदार नाहीतर सातबारा असलेले. मी एकदा धीर करून म्हटलं की आपणच हिला फलकावर लावलंय. व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, तिच्यासाठी नियम वेगळा करायचा का? कर्मचाऱ्याला जामीन राहता येत नाही, म्हणून माझी सहीही चालणार नव्हती. माझे यजमान शाळेत शिक्षक आहेत. सकाळच्या चहाला त्यांच्याकडे विषय काढला. ते आधीच दोन भावांना जामीन होते. पोरीला तू कितीशी ओळखतेस, एवढंच त्यांनी विचारलं. तिचं शिवण किती सफाईदार आहे ते मी सांगत बसले आणि सांगतानाच मला कळलं की याचा काही उपयोग नाही.

ती सोमवारी आली. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही की भांडली नाही.

"मंग फोटो काहून लावला, मॅडम?" ती म्हणाली. "गावात समदे विचारून राहिले, मशीन कवा येतंय. तेवढा काढून टाका."

मी लगेच अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले. माणूस वाईट नाही. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. फलक बघून पोरं चौकशीला येतात, दिवाळीपर्यंत राहू द्या, म्हणाले. बाहेर येऊन तिला हे सांगताना मी समोरच्या शिक्क्यांकडे बघत होते.

दोन महिन्यांनी ती सभासदत्व बंद करायला आली. आता हिंगोलीतल्या एका टेलरकडे कामाला लागले, म्हणाली. रोज एसटीनं ये-जा करते, तिथं पिको-फॉलचं मशीन आहे, हात बसत चाललाय. हे तिनं मला समजावल्यासारखं सांगितलं आणि त्यानं मला जास्तच ओशाळं वाटलं.

फॉर्म मीच भरून दिला. 'कारण' या रकान्यापाशी थांबले आणि तिच्याकडे पाहिलं.

"तुमीच लिवा," ती म्हणाली.

मी 'वैयक्तिक' असं लिहिलं. दुसरं काही लिहिलं असतं तर फॉर्म परत आला असता, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. तिनं न वाचता सही केली. शेअर्सची रक्कम संचालकांच्या सभेनंतर मिळते, तेव्हा पुढच्या महिन्यात पुन्हा यावं लागेल, हेही मलाच सांगावं लागलं. ती बरं म्हणाली. चहा मागवते म्हटलं, तर टेलरकडून तासाभराचीच सुट्टी मिळालीय म्हणून घाईनं निघून गेली.