गळ टाकायची जागा

फोनवरच्या आमच्या ग्रुपचे नियम मी लिहिले आहेत. हौसेने गळ टाकणारे आम्ही, सुरुवातीला बाराजण, सगळे नायगाव-जूचंद्रचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, चार ओळी नीट लिहितो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि मला आवडलंही, खोटं कशाला बोलू. पहिला नियम: माशाचा फोटो टाकला की जागाही सांगायची. लपवाछपवी नको.

ग्रुप शेकड्यांत गेला तसे फोटो बदलले. आधी माशामागे खाडी दिसायची, तिवरं दिसायची. आता मासे बाथरूमच्या बादलीत नाहीतर किचनच्या ओट्यावर. जागा विचारली की उत्तर ठरलेलं, कामणच्या बाजूला. एवढे मासे कामणला असते तर तिथे गोदामं कोणी बांधली असती?

मी मात्र नियम पाळला. वडिलांना हातभर जिताडा लागला, उघाडीवर, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दारापाशी. मिठागरात कामाला होते तेव्हापासून ते तिथल्या कट्ट्यावर बसतात. मी फोटो टाकला, खाली जागा लिहिली. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर कट्ट्यावर दहा-बारा रॉड आणि वडिलांच्या जागेवर कोणाची तरी घडीची खुर्ची. "काका, जरा पलीकडे बसा ना," खुर्चीवाला म्हणाला. वडिलांनी दोरा गुंडाळला आणि ते घरी आले.

त्याच आठवड्यात ॲडमिनने, म्हणजे टॉवरमध्ये राहणाऱ्या बँकेतल्या साहेबांनी, ग्रुप फोडायचं काढलं आणि सगळ्यांची मतं मागवली. भागाप्रमाणे छोटे ग्रुप करू, गर्दी कमी होईल. मी लगेच हो म्हणणार होतो. पण साहेबांना गर्दी कधीपासून टोचायला लागली? संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, खरा ग्रुप वेगळाच निघणार, मोजक्या वीस जणांचा, बाकीच्यांना कळू न देता. विसांत माझं नाव आहे म्हटल्यावर छाती जरा फुगली. मग म्हणाले, "तुझे वडील खाडीतले जाणकार. उघाडी सोडली तर हल्ली कुठे बसतात रे ते?"

खरं तर ते मलाही माहीत नव्हतं. वडील दुपारी एकटेच जायचे, पिशवीत मासा घेऊन यायचे. मी विचारलं, बाबा, हल्ली कुठे बसता?

"बसतो कुठंतरी."

"मी येऊ सोबत?"

त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. "फोन हाय ना तुझ्याकडं."

साहेबांना कळवलं, वडील मलाही सांगत नाहीत. त्यांचं उत्तर आलं, "लपवाछपवी नको, नियम तुझाच आहे." विसांतून माझं नाव गेलं. मी भागवार ग्रुपांना मत दिलं, आणि आमच्या छोट्या ग्रुपमध्ये जागा सांगायचा नियम काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी फोन टीव्हीजवळ ठेवून, वडिलांना दिसेल असा, मी चपला घातल्या. बाहेर आलो तोवर ते गल्लीच्या टोकाशी पोचले होते. मागे वळून पाहिलं त्यांनी. मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. ते थांबले, पण जवळ जाईपर्यंत माझ्या हातांवरची नजर काही काढली नाही.