राब पेटवायची वेळ

दुधाच्या शीतकरण केंद्रावर मी एकोणीस वर्षं तापमान लिहितो आहे. भोरला घर, भोरलाच नोकरी. गावोगावचे कॅन आले की दांडीचा थर्मामीटर दुधात बुडवायचा, काटा थांबेपर्यंत थांबायचं आणि आकडा लिहायचा. काटा थांबायच्या आधी आकडा लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. मी त्यांतला नाही.

केंद्रावरून मोडीत निघालेला असा एक थर्मामीटर मी रीतसर विचारून घरी आणला होता. बर्फाच्या पाण्यात तो शून्याऐवजी अर्धा अंश जास्त दाखवतो. ते ठाऊक असलं की अडचण नाही, दर वेळी अर्धा वजा करायचा. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात हाच थर्मामीटर मी वेल्ह्यात, पासलीच्या अलीकडच्या आमच्या गावी, भाताच्या राबात खुपसला. कारण एक धामण होती.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजून घेतात. खाली शेणाचा थर, त्यावर झाडांच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यात वर भुसभुशीत माती. याला राब म्हणतात. तो पेटवला की तणाचं बी जळतं, माती मोकळी होते आणि रोप जोमानं वर येतं. रचलेला राब पेटवेपर्यंत आठ-पंधरा दिवस तसाच पडून असतो. या दिवसांत सरडे, सापसुरळ्या, बेडूक, उंदीर आणि त्यांच्या मागावर साप, सगळे त्यात राहायला येतात. आणि आमच्या गावात राब पेटवतात उजाडताना, कारण तेव्हा वारा पडलेला असतो.

आदल्या वर्षी दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, असाच उजाडताना राब पेटवला होता. घाई होती म्हणून चारी बाजूंनी. संध्याकाळी वहिनीला राखेत एक धामण मिळाली. त्या पावसाळ्यात आमच्या भाताच्या कणगीत उंदरांनी धुमाकूळ घातला. धामण मेल्यामुळेच उंदीर वाढले का, हे मला सांगता येणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. वहिनीला मात्र पुराव्याची गरज वाटली नाही.

त्या वर्षी राब रचून झाला आणि आठ दिवसांत वहिनीनं दुसरी धामण पाहिली. रोज दिवस मावळताना ती राबात शिरायची. बांधावर तिनं टाकलेली कातही होती. नंतर गावी गेल्यावर मी ती मोजली, सहा फूट दोन इंच. कात ओढली जाऊन लांबते, तेव्हा धामण त्याहून थोडी आखूड असणार.

वहिनीनं मला फोन केला तो शुक्रवारी. "भावजी, ढग यायला लागल्यात. तुमचे दादा परवा काडी लावायची म्हणत्यात. ती आत हाय तवर मी लावू द्यायची न्हाई. तुमी या."

शनिवारी सुट्टी झाल्यावर दुचाकीवर थर्मामीटर बांधून मी निघालो. पोचलो तेव्हा दादा ओट्यावर बसला होता. थर्मामीटर पाहून म्हणाला, "आता राबाला ताप आलाय व्हय?"

अडचण दोघांचीही खरी होती. वळीव येऊन राब भिजला तर तो धड पेटत नाही, अर्धवट जळतो, रोपात तण माजतं आणि पुढची सगळी लावणी मागं पडते. हे दादाचं म्हणणं. आणि वहिनीचं म्हणणं, पुन्हा तेच पाप नको. मधे मी.

मी दोघांना समजावलं. सापाला आपण थंड रक्ताचा म्हणतो, पण त्याचं रक्त थंडच असतं असं नाही. आपल्या अंगात शेगडी आहे, त्याच्या अंगात नाही, एवढाच फरक. दुधाच्या कॅनसारखं. सावलीत ठेवला तर गार, उन्हात ठेवला तर तापला. उजाडताना धामण आत झोपलेली असते, अंग गार, चाल मंद, आणि तुम्ही नेमकं तेव्हाच पेटवता. दुपारी बाराला पेटवा. तोवर ती तापून बाहेर गेलेली असेल.

"आन वारं?" दादा म्हणाला. "नवानंतर वारं सुटतं. जाळ रानात गेला तर तू इझवणार व्हय?"

"उद्याचा दिवस वाऱ्यावर लक्ष ठेवू. पडला असेल तरच पेटवू," मी म्हणालो. दादानं कुरकुरत मान हलवली. शेवटी वहिनीच्या शब्दाबाहेर जाऊन राब पेटवणं त्यालाही जमणारं नव्हतं.

रविवारी सकाळी सहाला मी पहिलं माप घेतलं. हवा बावीस, राबाच्या आत सव्वीस. दोन्ही अर्धा अंश वजा करून. सकाळी घरची कामं होती, ती उरकून बाराच्या सुमाराला आम्ही तिघं वावरात गेलो. नशिबानं वारा पडला होता. उघड्या मातीला थर्मामीटर टेकवला, बावन्न. राबाच्या आत चौतीस. मी वहीत आकडे लिहिले आणि दादाला सांगितलं, "लाव."

दादानं काडेपेटी काढली. वहिनी म्हणाली, "थांबा जरा." तिनं वेळूची काठी घेऊन राबाची कड उचलली. आत वीतभर शेपटी दिसली आणि आत सरकली. तिच्या शेजारून दोन सापसुरळ्या पळाल्या, त्याही बाहेर नाही, आणखी आत.

दादानं काडेपेटी पुन्हा खिशात घातली. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. कॅन अजून तापला न्हाई वाटतं."

माझी चूक माझ्या हातातल्या वहीतच लिहिलेली होती. बाहेर बावन्न आणि आत चौतीस. अनवाणी मला त्या मातीवर उभं राहवत नव्हतं, आणि पोटावर सरपटणाऱ्या जनावरानं तिथं जावं असं मी गृहीत धरलं होतं. तिला घाम येत नाही. शेगडी नाही तसा अंगात पंखाही नाही. फार गार झालं की ती उन्हाला येणार आणि फार तापलं की सावलीला जाणार, आणि त्या वावरात सर्वांत चांगली सावली आम्हीच रचून ठेवलेली होती. कॅन ठेवला तिथं राहतो. कॅनला पाय नसतात. पाय धामणीलाही नसतात, पण ती चालते. एकोणीस वर्षं कॅन मोजल्यावर हे माझ्या ध्यानातून निसटलं.

"हिशेब चुकला," मी म्हणालो. "माझाच चुकला. पण आकडे बरोबर आहेत. उद्या सकाळ मला द्या. ती कधी बाहेर पडते ते पाहू आणि मग पेटवू."

"आन रातीत पाऊस आला तर?"

आम्ही घरातली ताडपत्री राबावर टाकली, ती जेमतेम अर्ध्या राबाला पुरली. त्यातही वहिनीनं एक बाजू हातभर उघडी ठेवायला लावली, धामणीला जायला-यायला. संध्याकाळी तोरण्याच्या बाजूला गडगडलं. बांधाला बांध असलेले आमचे चुलते रस्त्यानं जाताना थांबले आणि म्हणाले, "जळू दे की. धामण म्हशीच्या पायाला इळखा घालून दूध पिती, ठावं न्हाई व्हय?"

"काका, सापाला ओठ नसतात. त्याला चोखता येत नाही," मी म्हणालो.

"ह्येला काय इचारता," दादा म्हणाला. "ह्येच्या केंद्रावर धामणीचं दूध बी फॅट लावून घेत्यात." रविवारी दुपारनंतर दादा पहिल्यांदा हसला तो तेव्हा. पाऊस आला नाही.

सोमवारची रजा मी फोनवर कळवली. आधी अर्ज न देता घेतलेली माझी ती पहिली रजा. सकाळी सहाला ताडपत्री काढली आणि वीस पावलांवर, आंब्याखाली, दादा, वहिनी आणि मी बसलो. आमच्या वावराच्या पूर्वेला डोंगर आहे. त्यामुळे गावात ऊन आलं तरी राबावर ते पोचायला सात चाळीस झाले. तोवर दादा तीनदा उठला आणि वहिनीनं तीनदा त्याला बसवलं.

आधी बाहेर आले सरडे. मग सापसुरळ्या, कडेच्या पाल्यावर येऊन चपट्या होऊन बसल्या. आठ वाजून अकरा मिनिटांनी धामणीचं डोकं दिसलं. ती थोडी थांबली, जीभ बाहेर काढून हवा चाचपली, मग सावकाश सगळी बाहेर आली आणि बांधावरच्या काळ्या सपाट दगडावर अंग लांब करून पडली. अगदी तिथंच, जिथं तिची कात सापडली होती. मला त्या दगडाचं तापमान घ्यायची फार इच्छा झाली. वहिनीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

ती तिथं तेवीस मिनिटं होती. पहिल्यांदा तिची हालचाल जड होती. शेवटी ती दगडावरून उतरली तेव्हा पाण्यासारखी उतरली आणि बांधाच्या कडेनं ओढ्याकडे गेली. त्या क्षणी तिचं रक्त माझ्या रक्ताइतकंच गरम असावं. हा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

"आता," वहिनी म्हणाली.

तिनं आणि मी काठ्यांनी राबाच्या कडा हलवल्या. तापलेल्या सापसुरळ्या भराभर निसटल्या. एक भला मोठा बेडूक मात्र जागचा हलेना, त्याला वहिनीनं घमेल्यात घेतलं आणि ओढ्याकडच्या ओलीत नेऊन सोडलं. आठ चव्वेचाळीसला दादानं काडी लावली. या वेळी चारी बाजूंनी नाही, एकाच बाजूनं, तीही जी काय थोडी झुळूक होती तिच्या उलट, म्हणजे जाळ हळू सरकतो आणि आत कोणी राहिलंच असेल तर त्याला पळायला वाट राहते. वारा सुटला तो साडेनऊनंतर. तोवर राबाचा बराचसा भाग जळून बसला होता, आणि उरलेल्यावर दादा भिजवलेल्या फांद्या घेऊन उभा होता.

दुपारी राख निवल्यावर मी सगळा तुकडा पायाखाली घातला. एक सापसुरळी मेलेली मिळाली. तीही वहीत लिहिली. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "एकच ना?" मी म्हणालो, "मला दिसली ती एकच."

दिवस मावळताना धामण ओढ्याकडून परत आली. राबाच्या जागी काळी राख पाहून ती कडेला थांबली. राख अजून कोमट असणार. मग ती वळली आणि गोठ्यामागच्या दगडी गडग्यात शिरली, कणगीपासून पंधरा पावलांवर. वहिनी दारात उभी राहून पाहत होती. आत जाताना म्हणाली, "बरं झालं, जवळच आली."

तिसऱ्या दिवशी पाऊस झाला. आमचं रोप वेळेत पडलं.

पुढच्या मे महिन्यात मी गावी गेलो तेव्हा तेच चुलते दादाला विचारत होते, राब कधी पेटवायचा. दादा ओट्यावरून ऐटीत सांगत होता, "आठ चव्वेचाळीसला. मिनिटभर हिकडं न्हाई, मिनिटभर तिकडं न्हाई."

मला बोलावं लागलं. "काका, तसं नाही. तुमचं वावर डोंगराच्या जास्त खाली आहे. तुमच्याकडे ऊन वीस मिनिटं उशिरा येतं. घड्याळ बघू नका, ऊन आल्यावर अर्धा-पाऊण तास बाहेर बसा आणि राबाकडे बघा."

"आन काय दिसलं म्हंजी पेटवायचं?"

"कडेला आलेल्या सापसुरळ्या काठी आपटल्यावर झटकन पळाल्या तर पेटवा. रेंगाळल्या तर थांबा."

चुलत्यांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "बसा की मग. आमी बी बसतोच की."