जपानी बाहुला आणि काकूंच्या कुरडया

मित्रांनो, सायबर कॅफेत आलेलो नोकरीचा अर्ज टाकायला, पण आधी हे ऐका.

आज सकाळी वर्तकनगरात भर मे महिन्यात आभाळ भरून आलं. शेजारच्या काकूंच्या कुरडया गच्चीवर ओल्याच होत्या. मुलीच्या रुखवतात मांडायच्या, त्यामुळे काकू रडकुंडीला आलेल्या. मी एका पुस्तकात वाचलेलं, की जपानी लोक पाऊस येऊ नये म्हणून पांढऱ्या फडक्याचा बाहुला टांगतात. केला आणि टांगला आमच्या सामाईक गॅलरीत, मानेला दोरा बांधून.

काकूंनी तो बघितला मात्र!

"मेल्या, माझ्या पोरीच्या लग्नावर करणी करतोस?"

"काकू, जपानी आहे तो. ऊन आणतो."

"जपानचा असो नाहीतर दिवा स्टेशनचा, उतरव आधी!"

मी काही उतरवेना. मग काकूंनीच त्याच्या शेजारी लिंबू-मिरची लटकवली, उतारा म्हणून.

दुपारी कडक ऊन पडलं. कुरडया खडखडीत वाळल्या.

"माझ्या लिंबाचा गुण," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, "जपानात बाहुल्याने काम केलं की त्याला दारू देतात."

"शी! दारू कसली?" म्हणत त्या आत गेल्या.

आत्ता इकडे यायला निघताना बघतो तर बाहुल्याच्या कपाळाला कुंकू, खाली पन्ह्याचा पेला. आणि आतून काकूंचा आवाज, "त्याला हलवू नकोस रे, उद्या पापड आहेत!"

आता तुम्हीच सांगा, ऊन कोणी आणलं? बाहुल्याने की लिंबाने?

अर्ज राहिलाच बघा.