दाराजवळच्या खुर्चीतली ताई

वाद्यवृंदात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात अगदी मागे, दाराजवळची खुर्ची तिची. पहिला गट चाल वाजवतो, दुसरा तिला खालून आधार देतो. घरी जाताना लोक गुणगुणतात ते पहिल्या गटाचं. ताईची त्याबद्दल तक्रार नव्हती. नोकरी कायमची होती आणि दारातून वारा येत होता.

आई कार्यक्रमाला पहिल्यांदा आली, तेव्हा ताईची पन्नाशी जवळ आली होती. एवढ्या माणसांनी मिळून एकच काम करायचं, हे आईला मुळातच पटत नसे.

त्या संध्याकाळी एक नामवंत पाहुणा एकट्याने वाजवायचा भाग वाजवत होता. मध्येच त्याची तार तुटली. अशा वेळी थांबायचं नसतं. पाहुण्याने शेजारच्या वादकाचं व्हायोलिन घेतलं, त्या वादकाने आपल्या मागच्याचं, आणि पाहुण्याचं मौल्यवान वाद्य हातोहात मागे सरकत ताईच्या मांडीवर येऊन थांबलं. तिचं स्वतःचं तोवर पुढे गेलं होतं. ती उठली आणि दाराबाहेर पडली.

कपडे बदलायच्या खोलीत तिने नवी तार लावली. नवी तार ताणून बसावी म्हणून थोडं वाजवावं लागतं, असं स्वतःला सांगून तिने गज उचलला आणि मंचावर पाहुणा वाजवत होता तेच सुरू केलं. आवाज इतका मोकळा निघाला की ती दचकून थांबली. मग पुन्हा सुरू केलं.

सभागृहाचा पहारेकरी डोकावला. "दार लावू का, ताई? सभागृहात ऐकू जाईल."

"लावा."

त्याने दार लावलं आणि स्वतः आतच उभा राहिला.

कार्यक्रम संपल्यावर पाहुण्याने वाद्य परत घेतलं, आभार मानले आणि तो जेवायला गेला.

घरी जाताना आई म्हणाली, "सगळे वाजवत होते आणि तू मधूनच उठून गेलीस."

"कामासाठी गेले होते."

"मला वाटलं, काढून टाकलं. शेजारणीला काय सांगायचं, ते ठरवून ठेवलं होतं मी."

दुसऱ्या दिवसापासून ताईचं स्वतःचं व्हायोलिन तिच्या कानाला पत्र्याच्या डब्यासारखं लागू लागलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. बिघडलेल्या वस्तूंची त्याला सवय होती. "दुरुस्तीला टाकायचं का?" त्याने विचारलं.

"ते ठीक आहे," ती म्हणाली. "मीच इतकी वर्षं हळू आवाजात वाजवत आलेय."

तिने पहिल्या गटासाठी अर्ज केला. रोज स्वयंपाकघरात सराव सुरू झाला. नवरा ताट घेऊन बाहेरच्या खोलीत बसू लागला. "अगं, या वयात?" आईने फोनवर विचारलं. ताईने फोन बाजूला ठेवून सराव चालू ठेवला.

परीक्षा पडद्याआड होती, वाजवणारा कोण हे परीक्षकांना कळू नये म्हणून. वाजवून झाल्यावर पलीकडून कोणीतरी म्हणालं, "या तरुणाला घ्या."

ताईने पडद्याबाहेर येऊन नमस्कार केला. एका परीक्षकाने चष्मा काढून पुसला. मग त्यांनी तिलाच घेतलं.

पहिल्या गटातल्या पहिल्या दिवसानंतर जेवताना नवऱ्याने विचारलं, "काय फरक वाटला?"

"खांदा जास्त दुखतो," ताई म्हणाली आणि तिने पुन्हा भात वाढून घेतला.