मोठ्या मायचा समुद्र

मला अजून राग आहे, आणि गेलेल्या माणसावर राग धरू नये हे सांगायला कुणी माझ्याकडे येऊ नये. आजीवर आहे तो. आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. नव्वदीला टेकून गेली. दात शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

ती खापरावरचे मांडे करायची. धुळ्यात आमच्या भागात तसे मांडे कुणाला जमायचे नाहीत. वस्त्रगाळ पिठाची सैल कणीक तासन् तास आपटायची, मग पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवत फिरवत आरपार दिसेल इतका मोठा करायची आणि अलगद तापल्या खापरावर टाकायची. यात्रेच्या बसवाल्यांनी तिला नेलं ते यासाठीच. आपली माणसं काशीला जावोत की रामेश्वरला, मांड्यांचा नैवेद्य दाखवल्याशिवाय त्यांना यात्रा झाल्यासारखी वाटत नाही. आजोबा गेल्यावर वीसेक वर्षं दर हिवाळ्यात ती त्या बसनं हिंडली. खापर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायची, फुटू नये म्हणून.

परत आली की गल्ली तिच्या ओट्यावर. ओट्यावर पीठ भुरभुरवून ती बोटानं देवळं काढायची, रामेश्वरचे खांब एकामागं एक काढत न्यायची. कन्याकुमारीला म्हणे तीन समुद्र एका घरातल्या तीन सुनांसारखे नांदतात, एकत्र राहतात पण एकमेकींत मिसळत नाहीत. समुद्र दिसण्याआधी त्याचा वास येतो, हे मला पाचव्या वर्षी ठाऊक होतं. तापीच्या पलीकडे काही न पाहिलेली मी शाळेत सांगत सुटायचे की माझ्या आजीनं रामेश्वरच्या बावीसही कुंडांवर आंघोळ केलीय. एक मुलगी म्हणाली, तुझी आजी थापाडी आहे. मी तिची वेणी धरून तिला खाली पाडलं आणि त्यापायी बाईंच्या छड्या खाल्ल्या. हे मोठ्या मायला सांगितलं तेव्हा तिनं माझ्या हातांना तूप लावलं.

लग्न होऊन मी जळगावला आले. सात वर्षांपूर्वी आमचं कन्याकुमारीला जायचं ठरलं. गाडीत एक जागा उरत होती. न्यायचं कुणाला, मोठ्या मायला की सासूबाईंना? मी आधी धुळ्याला फोन लावला. ती म्हणाली, "मी तीनदाव देखेल शे. तुनी सासूले लई जाय." खरं सांगते, मला सुटल्यासारखंच झालं. घरातली कुरबुर टळली. सासूबाई आल्या, आणि दोन दिवस पाण्याकडे पाठ करून खोबऱ्याच्या वड्यांचे भाव विचारत बसल्या.

परतल्यावर मोबाईल घेऊन मी मोठ्या मायकडे गेले. ती फोटोंत चुका काढू लागली. पाण्यातली ती शिळा म्हणे इकडून नाही, पलीकडून बघायची असते. वाळू अजून तीन रंगांची आहे ना, हेही विचारलं. मी बाटलीत भरून आणलेलं समुद्राचं पाणी तिनं हातात घेतलं आणि न बघताच डब्यामागं ठेवून दिलं. "हे पाणी मला नवं का?" म्हणाली. मला जरा वाईट वाटलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या नावानं पहिली घागर भरायची म्हणून मी धुळ्याला काकांकडे गेले. घागरीवर मांडा हवाच, आणि करणारी तर तीच घरातून गेलेली. मी हात घातला. तीनदा उंडा कोपराशी फाटला. शेवटी पारोळ्याकडची एक म्हातारी आली, यात्रेत मोठ्या मायबरोबर मांडे टाकायची ती. तिनं मला बाजूला सारलं आणि कणीक आपटायला घेतली. मी उंडे भरून देत होते, आणि बोलता बोलता तीन सुनांची गोष्ट काढली. तुम्ही दोघींनी किती पाहिलं, मी तिला म्हटलं.

तिचे हात थांबले. "आम्ही कोठे देखा वं माय?" ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. बस पहाटे पोचायची. लोक देवळात जायचे, या दोघी धर्मशाळेच्या मागं चूल पेटवायच्या. मंडळी परतायच्या आत शंभरावर मांडे व्हायला हवेत, आणि भिजवलेली कणीक टाकून हलता येत नाही, ती आंबते. जेवणं आटोपून भांडी होईस्तोवर बस पुढच्या गावाला निघायची. वाढताना मोठी माय पानापानावर थांबून विचारायची, काय पाहिलं, कसं होतं, लाटा केवढ्या होत्या. तिच्या हातचा मांडा पानात पडला की माणूस भडाभडा सांगायचा.

मी उठले. चुलीपुढून, धुराचं निमित्त करून. वीस वर्षं थापा मारल्या तिनं मला. मी तिच्यासाठी छड्या खाल्ल्या. जाऊ दे ते, पोरवय होतं. पण फोनवर? तेव्हा तर मी पोर नव्हते.

म्हातारी मागून म्हणाली, "तू बाटली आणेल होती ना? ती घेऊन तुझी आजी आली होती माझ्याकडे, एसटीनं. आम्ही दोघींनी बोट बुडवून चाखलं. म्हणे, खरंच खारं शे वं माय."

पारोळ्याला जाऊन ती खरं बोलली. मला सांगायला तिला तोंड नव्हतं.

काकांनी हाक मारली. मी घागरीत पाणी ओतलं, नळाचं, गोडं. वर मांडा ठेवला. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले आणि मनात म्हटलं, गाडीत एक जागा होती, मोठी माय. तू एकदा खरं बोलली असतीस तर सासूबाई घरी राहिल्या असत्या.